काकीची झोळी

कोणाच्याही घरात शिरले, की काका आधी खांबाला हात लावायचे. पाणी नंतर, बसणं त्याच्याही नंतर. तळहात खांबावर ठेवायचे, मग खांदा टेकायचे, अंगाचा सगळा भार हळूहळू त्याच्यावर सोडायचे, वर आढ्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. "हा न्हाय धरायचा." घरमालक बिचारा पाण्याचा तांब्या घेऊन तसाच उभा. ज्या खांबाच्या आधाराने त्याच्या बापाने आणि आज्याने जन्म काढला, तो खांब या माणसाने एका धक्क्यात नापास केला! असे त्यांनी आमच्या गावातले झाडून सगळे खांब नापास केले होते. देवळाचेसुद्धा सोडले नाहीत.

काका गाव सोडून गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस राहून गेला असेल, ज्याच्या बुडाला जागा म्हणून ठाऊक नाही. मी धंद्याने शिंपी. माझा सगळा जन्म बसून गेला. एका हाताने मशीनचं चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताने कापड सरकवायचं. मला बसलेली माणसं आवडतात. उभी माणसं उजेड अडवतात. काका नेमके माझ्या दारात उभे राहायचे, सगळा उजेड खाऊन.

"काका, एक तर आत या, नाही तर बाहेर जा हो!"

"जातोच हाय," असं म्हणून आत यायचे, घटकाभर टेकायचे आणि उठून काहीतरी बांधायला लागायचे. सैल काही दिसलं की त्यांना राहवत नसे. एकदा माझं मशीन डुगडुगतं म्हणून त्यांनी त्याचं टेबल खिडकीच्या गजाला असं काही करकचून आवळलं, की मी जेवायला उठलो तो धोतराचा सोगाही त्यातच अडकलेला. आणि ती गाठ! माझी बायको, मी आणि आलेलं गिऱ्हाईक, तिघं मिळून दमलो. शेवटी त्यांनाच हाक मारावी लागली. त्यांनी दोन बोटं लावली आणि गाठ गळून पडली. वर मलाच म्हणतात, "तुमी खेचता कशाला? खेचली की ती चिडते."

काका आगबोटीवर खलाशी होते. मिसरूड फुटायच्या आत गेले ते केस पिकल्यावर परतले. जर्मनीची लढाई त्यांनी पाण्यावरच काढली. मधून कधीतरी, दोन-तीन वर्षांनी, महिनाभर घरी यायचे, बायकोला चिनी बरणी नाही तर छत्री द्यायचे आणि परत जायचे. मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्या दोन-चार वर्षं आधी ते कायमचे आले. गाव त्यांना आगबोटवाला म्हणायचं. आमची घरं एकमेकांना चिकटून. मधे नुसता कूड, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर माती लिंपलेली भिंत. पलीकडे कोणी शिंकलं, तरी अलीकडे कळायचं.

म्हणून मला ठाऊक होतं, की काकीला दमा आहे. आडवं झालं, की तिची छाती कोंडायची. भाताच्या कणगीला पाठ लावून ती बसायची, गुडघ्यांवर डोकं टेकायची आणि तशीच झोपायची. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. काकांनाच ठाऊक नव्हतं! कारण नवरा महिनाभर घरी आला, की ही बाई कशीबशी आडवी पडायची आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून खोकला गिळायची. पाहुण्यासारखा येणारा माणूस, त्याला कशाला सांगायचं? पण या वेळी तो पाहुणा नव्हता. काही दिवस तिने तग धरला, मग तिच्याने होईना. एके दिवशी उजाडता उजाडता मला कुडापलीकडून ऐकू आलं.

"अगो, बसलीस का अशी?"

"बरं वाटतं बसल्यावर."

"कधीपास्नं बसतीस?"

"झाली आसतील वर्सं."

"म्हंजे किती वर्सं गो?"

कुडापलीकडून नुसता तिचा खोकला आला. मी मशीनला तेल घालायला घेतलं होतं, ते तसंच हातात राहिलं.

ऊन वर यायच्या आत काका माझ्या दारात. उजेड अडवून. डोळे लाल.

"शिंपीदादा, माझी बायको आडवी झोपली पायजे. बास. दुसरं काय न्हाय मागत मी."

त्यांच्या डोक्यात झोळी होती. त्यांच्या बोटीवर एक म्हातारा आगवाला होता, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. कोळशाने त्याची छाती खाल्ली होती. तो कापडाच्या झोळीत झोपायचा, डोकं आणि पाठ उंच, धड बसलेलाही नाही आणि धड पडलेलाही नाही, आणि चक्क घोरायचा. काकांच्या पेटीत शिडाच्या कापडाचा एक मोठा तुकडा होता. तो त्यांनी माझ्यापुढे टाकला. अहो, ते कापड होतं की पत्रा! मशीनच्या सुया कटाकट मोडायला लागल्या, तेव्हा मी मशीन बाजूला केलं आणि दाभण घेतला. कडेने दोर घालून शिवलं. डोक्याच्या बाजूला एक आडवा दांडा बसवला, झोळीचं तोंड उघडं राहावं म्हणून. आधी आम्ही काकीच्या जुन्या लुगड्याची झोळी करून पाहिली होती. ती दोन्ही बाजूंनी मिटायची आणि काकीला आतल्या आत गुदमरायला व्हायचं. कापड असं ताठच हवं होतं.

झोळी झाली. आता टांगायची कुठे?

तुम्ही कधी आमच्या खारेपाटात आला असाल, तर हसाल. पलीकडे दिवेआगरला म्हणे घरांपेक्षा माड जास्त. आमच्याकडे उभं असं काही उगवतच नाही. एका बाजूला खाडी, एका बाजूला मिठागरं, मधे खारट भातशेती. खाडीकाठची तिवरं, त्यांना बकरी टेकली तरी वाकतात. तळ्यावर एक बाभूळ होती. एकच. आणि झोळीला दोन टोकं असतात.

मग सुरू झाली ती खांबांची परीक्षा. सगळं गाव नापास करून काका शेवटी आपल्याच घरी आले आणि मधल्या दोन मेढींना झोळी बांधली. आमच्या मेढी म्हणजे मनगटापेक्षा थोड्या जाड, बुडाशी खाऱ्या ओलीने खाल्लेल्या. काकी झोळीत बसली, पाय वर घेतले आणि अख्खं छप्पर कुर्र करून खाली वाकलं. पेंढा सुटला. मी धावत गेलो, तर काकी पेंढ्यात बुडालेली, डोक्यावर उंदराचं घरटं, आणि बाई हसतेय! हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता श्वास लागला. काका तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. बंदरं पाहिलेला, वादळं पाहिलेला माणूस. चेहरा पांढराफटक.

मग बैलगाड्या. गाडी मागे कलती केली, की तिची दांडी वर आभाळाकडे जाते. काकांनी दोन गाड्या मागून आणल्या, समोरासमोर कलत्या केल्या आणि दांड्यांना झोळी बांधली. "हबेस!" म्हणाले. बोटीवर वर ओढताना म्हणतात तसं.

"मी काय गोनी हाय?" काकी म्हणाली.

ती झोळीत बसली मात्र, दोन्ही गाड्यांनी सावकाश वाकून एकमेकींना नमस्कार केला आणि काकी अलगद जमिनीवर. अख्खी आळी हसली. काकांना हसू आलं नाही. ते लगेच उठून गाड्यांच्या चाकांना दगड लावायला धावले. पण तेवढ्यात गाडीवाले मीठ भरायला जायचं म्हणून गाड्या घेऊन गेले.

एवढं झाल्यावर दुसरा कोणी गप बसला असता. काका वल्ही उभी करून बघायचे, मेखा ठोकून बघायचे. मेख दुपारी घट्ट बसायची आणि संध्याकाळपर्यंत ओल्या मातीतून दातासारखी हलायला लागायची. जेवता जेवता उठायचे. काकी कुडापलीकडून मला ऐकवायची, "भाऊ, ह्यो मानूस हाय का वारा? ताटात भात तसाच हाय, आनि ह्यो दोर घेऊन गेला." पण तिच्या आवाजात तक्रार नव्हती. इतकी वर्षं कोणी तिच्यासाठी इकडची काडी तिकडे केली नव्हती. हे ती बोलली नाही, हे मी सांगतोय.

होळी झाली, जमीन कडक वाळली, आणि काकांना बांध दिसला.

खाडी आणि आमची भातशेती यांच्यामधे मातीचा उंच बांध आहे. भरतीचं खारं पाणी तो अडवतो. बांध फुटला, तर त्या वर्षीचं भात जातंच, आणि मीठ मुरल्यामुळे पुढची दोन-तीन वर्षंही जमीन हाताला लागत नाही. म्हणून बांधावर आमच्याकडे कोणी बकरीची खुंटीसुद्धा ठोकत नाही. पोरांनी गोट्यांसाठी गल केली, तरी कानफटात बसते. गावात जन्मलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पण काका पोरवयातच गेलेले. त्यांना समुद्र वरून ठाऊक होता, बांधाच्या आतून नव्हता. साऱ्या गावात घट्ट जमीन म्हणून ती तेवढीच, असं बघून त्यांनी बांधाच्या माथ्यावर दोन जाड वासे खोल पुरले, झोळी टांगली आणि काकीला हात धरून वर नेलं.

जोमा म्हातारा म्हणजे बांधाचा राखणदार. पगारी नव्हे. आपणहून. त्याला कोणीतरी जाऊन सांगितलं. काठी आपटत, शिव्यांचा पट्टा चालवत तो निघाला, तो गावाला ऐकू जात होता. आता मारामारी होणार म्हणून मी मशीन सोडून मागोमाग गेलो. जोमा बांधावर चढला, आणि त्याने तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

काकी झोपली होती. खाडीवरून वारा येत होता. डोकं दांड्याशी टेकलेलं, पाय लांब केलेले, हात पोटावर. श्वासाची घरघर होती, पण सावकाश. काका बाजूला उकिडवे बसून होते. ते आपले तिच्या तोंडाकडे नुसते बघत होते.

जोमाने काठी काखेत मारली, काकांजवळ वाकला आणि उरलेल्या शिव्या कुजबुजत घातल्या. मी जन्मात तसं भांडण पाहिलं नाही. "भाडखाऊ, बांधाला भोक पाडतोस? गाव बुडवशील. पाऊस लागायच्या आधी हे उपटायचं. कळलं का? उपटायचं." काका मान हलवत होते आणि हातानं खुणावत होते, हळू, हळू. जाताना जोमाने झोळीचा एक दोर ओढून बघितला. घट्ट आहे का, ते.

ते दोन-तीन महिने! मिठागरावरच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन बांधावरून जायच्या. त्यांची बडबड म्हणजे कान किटायचे. पण झोळीजवळ आल्या, की एकेक गप होत जायची. लांबवर गेल्या की परत सुरू. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. काकीच्या गालावर थोडं मांस चढलं. एकदा ती मला म्हणाली, "भाऊ, मला सपान पडलं. कितीक वर्सांनी पडलं." काय पडलं ते मी विचारलं नाही. झोपेत स्वप्न पडायला मुळात झोप लागावी लागते, हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं.

ज्येष्ठात ढग दिसले, तसे काकांनी कबूल केल्याप्रमाणे वासे उपटले. शब्दाचा माणूस. आणि तिथेच चूक झाली. आमच्याकडे बांधाचं भोक बुजवायचं, तर ओल्या चिखलाचे गोळे करतात, थरावर थर घालतात आणि पायाने तुडवून तुडवून जिरवतात. काकांनी ती दोन्ही भोकं होडीची फट बुजवतात तशी बुजवली. काथ्या पिळून पिळून आत ठासला, वर डांबर ओतलं, वरून मातीचा सुबक लेप दिला. "आता थेंब न्हाय जायचा," मला अभिमानाने म्हणाले. होडीच्या फळीत जातच नाही. लाकूड फुगतं, काथ्या फुगतो, फट मिटते. पण डांबराला माती धरत नाही. मधे बारीक फट राहते. तिथून खेकडे शिरतात, आणि खाडीला तेवढी वाट पुष्कळ झाली. वरून बघणाऱ्याला मात्र सगळं नीट दिसत होतं. जोमालाही तसंच दिसलं.

पावसाळ्यात काकांनी घरातच तोड काढली. तीन बांबूंची एक तिकाटणी, समोर दुसरी, आणि दोघींचे पाय सरकू नयेत म्हणून जमिनीवरून एक लांब बांबू दोघींना बांधलेला. ना खांब, ना मेख! ती घोडी कुठेही उभी राहायची. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. चूल एका कोपऱ्यात, काका एका कोपऱ्यात, मधे बांबूच बांबू. काकी झोळीत पडल्या पडल्या तांदूळ निवडायची. एवढं सोपं होतं, तर आधी का नाही सुचलं, म्हणून काका स्वतःवरच चरफडायचे.

भाद्रपदात, पुनवेच्या उधाणाला, ऐन दुपारी बांध फुटला.

भात पोटरीला आलं होतं. "खांड पडली! खांड पडली!" अशी बोंब उठली आणि घराघरातून माणूस धावला. मी, ज्याने जन्मात सुईशिवाय काही उचललं नव्हतं, तोही घमेलं घेऊन धावलो. पोहोचलो तेव्हा बांधाला दाराएवढं भगदाड पडलं होतं आणि त्यातून खाडी आत ओतत होती. माणसं चिखल टाकत होती, पाणी तो घेऊन जात होतं. पेंढा टाकला, गेला. एका घराचं दार आणून टाकलं, तेही गेलं. आणि भगदाडाच्या कडेला, तुटलेल्या मातीतून, डांबर लावलेला काथ्या लोंबत होता.

जोमाने तो हाताने ओढून काढला. सगळ्यांनी बघितला. काकांनीही बघितला. कोणी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "माझा हाय." आणि वळून घराकडे धावत सुटले.

"पळाला!" कोणीतरी ओरडलं. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही तसंच वाटलं.

ते परतले तेव्हा खांद्यावर बांबूंचा भारा होता आणि गळ्यात झोळी. बोटीला खाली भोक पडलं, की बाहेरून कापड लावतात, म्हणजे पाणीच ते दाबून धरतं, असं ते धापा टाकत ओरडून सांगत होते. आम्हांला अर्धं कळलं, अर्धं नाही. ते सरळ खाडीच्या बाजूने पाण्यात उतरले, गळ्याइतक्या पाण्यात. "आरिया! आरिया!" म्हणजे खाली सोडा. आम्ही वरून दोर धरून झोळी सोडली. पाण्याने ती ओढून घेतली आणि थाडकन भगदाडावर बसवली. धार तुटली. पुरती नाही, पण तुटली. काकांनी आतून बांबू ठोकून घेतले, चार गडी त्याला पाठ लावून उभे राहिले, आणि मागे आम्ही चिखल भरत गेलो. गोळ्यावर गोळा, तुडवून, आमच्या रीतीने. ओहोटी लागली तेव्हा बांध उभा होता. खालची चार-सहा खाचरं गेली, बाकीचं भात राहिलं.

झोळी बांधातच राहिली. ती काढायची म्हणजे पुन्हा भोक पाडायचं. बांबूही आतच.

संध्याकाळी मी काकीला बघायला गेलो, तर ती पुन्हा कणगीला पाठ लावून, गुडघ्यांवर डोकं ठेवून. मी शेजारी टेकलो. तीच म्हणाली, "भाऊ, हे दारातून आत आले नि नुसते उभे. त्यांना म्हनवंना. मंग मीच उतरले. गाठ मीच सोडली. म्हनलं, न्या."

गावाने काकांना शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या, तर बरं झालं असतं, असं काकांच्या तोंडाकडे बघून वाटायचं. ज्यांची खाचरं गेली, त्यांच्या दारावरून ते मान वर करून जात नसत. एके दिवशी जोमा आला. बसला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "भात घरात येऊंदे. बांधाच्या आतल्या अंगाला भराव घालू. चांगला उंच, तुझ्या बायकोला पायजे तेवढा. तिथं वासे पुर. पन भोक आमी पाडू, तू न्हाय."

सगळं खरं, पण ताठ कापड कुठलं? पावसाळ्यात खाडीतल्या होड्या वर ओढलेल्या, शिडं गुंडाळून ठेवलेली. दसरा होईपर्यंत काही मिळणार नव्हतं. आणि ओल्या हवेने काकीचा दमा वाढतच चालला. आता तिला गुडघ्यांवर वाकलेलंही सोसेना. कणगीला टेकलं, तर कणगी टोचे.

मग काका बसायला लागले. तिच्या पाठीला पाठ लावून, तिचं डोकं आपल्या खांद्यावर मागे येईल असं, पाय समोरच्या उंबऱ्याला रेटून. ती पुढे घसरली, की तेवढं अंग सावरून घ्यायचे. आधी एखाद्या दुपारी. मग दिवस आणि रात्र. मला ते खोटंच वाटलं. जो माणूस माझ्या दारात घटकाभर टिकत नसे, तो प्रहर प्रहर हलत नव्हता! माशी नाकावर बसली, तर नुसतं नाक हलवायचा. माझं मशीन पुन्हा डुगडुगायला लागलं. दारातून भरपूर उजेड यायचा आणि मला काम सुधरत नसे. भाकरी माझी बायको नेऊन द्यायची. त्यांचा एक पाय सुजला होता. "जरा उठा की हो," ती म्हणायची. ते म्हणायचे, "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

दसरा झाला आणि मी रेवदंड्याला गेलो. होड्या पाण्यात लोटायचे दिवस. एका नाखव्याने नवं शीड चढवलं होतं, त्याचं जुनं मी मागून घेतलं. जुनं म्हणजे काय, आणखी दहा वर्षं गेलं असतं! ते बोचकं डोक्यावर घेऊन मी चालत आलो. वाटेत मनात सगळं बेतून टाकलं. या वेळी मानेपाशी थोडं खोल ठेवायचं, दांडा जरा लांब घ्यायचा. गावात शिरलो तेव्हा दुपार कलली होती. घरीसुद्धा गेलो नाही, तसाच काकांच्या दारात उभा राहिलो.

काका बसले होते, दाराकडे तोंड करून, पाय उंबऱ्याला लावून. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय."

"कापड आणलंय काका," मी आवाज न करता म्हटलं.

"चांगलं हाय?"

"जाड आहे. पहिल्यापेक्षा जाड."

"मंग शिवा सावकाश. घाई न्हाय."

त्यांच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी उंबरा ओलांडला, बोचकं ठेवायला पलीकडे गेलो आणि मला काकीचा चेहरा दिसला. मान त्यांच्या खांद्यावर मागे टेकलेली. तोंड किंचित उघडं. घरघर नव्हती. मी खाली वाकून तिच्या हाताला हात लावला. गार होता. काकी गेली होती, आणि आत्ता गेली नव्हती.

"काका..." मी म्हटलं.

"ठाव हाय मला," ते दाराबाहेर बघत म्हणाले. "पाठीला कळतं. सकाळधरनं बसलोय." मग जरा थांबून, अगदी हळू म्हणाले, "मी उठलो, तर आडवी पडंल ती. जरा येळ बसूंदे."

मी बोचकं तिथेच भिंतीशी ठेवलं आणि काकांच्या शेजारी जमिनीवर बसलो.